थांबा मागून घ्यायचा असतो

वाचकाचं पत्र (थोडं कमी करून):

नमस्कार. माझं वय ६७. मिस्टर जाऊन अडीच वर्षं झाली. मुलगा आणि मुलगी आपापल्या संसारात आहेत, रोज फोन करतात, तक्रार काहीच नाही. समुद्र मला लहानपणापासून फार आवडतो. पण आजवर पाहिला तो काठावरून, तासा-दोन तासांपुरता. आता एका सहलीची माहिती हाती आली आहे. परदेशातला उष्ण किनारा, चाळीस जणांची बस, नऊ दिवस, त्यातले शेवटचे तीन दिवस एका बेटावरच्या रिसॉर्टमध्ये. (ठिकाणाचं नाव छापू नये, घरातले ओळखतील.) निघायला तीन महिने आहेत, पण आगाऊ रक्कम महिनाअखेरीस भरायची आहे.

अडचणी सांगते. बीपीची गोळी चालू आहे. गुडघे दुखतात, जिना सावकाश चढते. पोहता येत नाही. आणि लिहायलाही संकोच वाटतो, पण लघवी रोखून धरता येत नाही. लागली की लगेच जावं लागतं. म्हणून लांबच्या प्रवासात मी सकाळपासून पाणीच पीत नाही, तेवढ्यावर निभावते. मुलगा म्हणतो, या वयात एकटीने आणि तेही बेटावर? काही झालं तर? मुलगी म्हणते, पुढच्या वर्षी आपण सगळे मिळून जाऊ. ते पुढचं वर्ष दोनदा येऊन गेलं. सहलीत ओळखीचं कुणी नाही. माझ्यामुळे चाळीस जणांना थांबावं लागलं तर मला मेल्याहून मेल्यासारखं होईल. जाऊ का?

– एक वाचक

ताई, जा.

उत्तर आधीच देऊन टाकलं, कारण पत्र वाचताना तुम्ही मनाने केव्हाच निघालेल्या आहात हे दिसतं. पण जाण्याआधी एका गोष्टीवर आपल्याला नीट बोलायला हवं. तुमचं वय, गुडघे, बेट, मुलांचा विरोध या सगळ्यांपेक्षा मला काळजी वाटली ती ‘पाणीच पीत नाही’ या वाक्याची. मी बरीच वर्षं अशा सहलींबरोबर व्यवस्थापक म्हणून गेले आहे. पाणी टाळणाऱ्या बायका जवळजवळ प्रत्येक बसमध्ये असायच्या. त्या कधी सांगत नसत. दुपारी तीनच्या सुमारास डोकं धरून बसलेल्या दिसल्या की कळायचं.

उष्ण, दमट किनाऱ्यावर घाम सतत जात असतो. बसमधल्या गारव्यात तो जाणवत नाही इतकंच. त्यात बीपीची गोळी. अंगातलं पाणी कमी झालं की रक्तदाब बसलेल्या जागी ठीक असतो आणि उठून उभं राहिलं की एकदम खाली येतो. तो उठण्याचा क्षण नेमका कोणता? बस थांबली, सगळे उतरायला लागले आणि तुम्ही दुखऱ्या गुडघ्यांनी बसच्या उंच पायऱ्यांवर उभ्या आहात, तो. सहलींमध्ये मोडलेले मनगट मी समुद्रात नाही, बसच्या पायरीवर पाहिले आहेत. शिवाय पाणी न पिण्याने तुमचा मूळ प्रश्न सुटत नाही, वाढतो. लघवी घट्ट झाली की मूत्राशयाला ती टोचते आणि घाई जास्त होते. संसर्गाची शक्यता वाढते ती वेगळीच.

तेव्हा पहिलं काम डॉक्टरांकडचं, आणि ते याच आठवड्यात. लघवीची तपासणी, रक्तातली साखर, एवढं तरी करून घ्या. घाईमागे संसर्ग किंवा मधुमेह असेल तर तो आधी सापडायला हवा. बीपीच्या गोळीत लघवीचं प्रमाण वाढवणारं औषध आहे का, तेही विचारा. असेल तर प्रवासाच्या दिवशी ती केव्हा घ्यायची हे डॉक्टर सांगतील. स्वतःच्या मनाने गोळी चुकवायची मात्र नाही. त्याच गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड हे लघवी वाढवणारं औषध असेल तर कातडीला ऊन जास्त बाधतं, हेही या किनाऱ्यावर उपयोगी पडेल. आणि डॉक्टरांना ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम शिकवणारं कुणी सुचवायला सांगा. या व्यायामांचा गुण यायला साधारण तीन महिने लागतात. तुमच्याकडे नेमके तेवढेच आहेत! ही तक्रार वयाबरोबर येणारच, तिला इलाज नाही, असं समजून कितीतरी बायका वीस-वीस वर्षं काढतात. इलाज आहे. सहलीच्या निमित्ताने तो झाला तर सहल न करताही पैसे वसूल झाले म्हणायचे.

आता बसकडे येऊ.

दहा मिनिटांचा थांबा असं वेळापत्रकात लिहिलेलं असतं. आपण गणित करून पाहू. चाळीस जणांत चोवीस बायका धरा. बायकांसाठी दोन शौचालयं, प्रत्येकीला अडीच मिनिटं. अर्धा तास झाला. म्हणजे दहा मिनिटांचा थांबा कागदावरच असतो, आणि रांगेत शेवटी उभी असलेली बाई घाबरून परत फिरते, ‘पुढच्या वेळी जाईन’ म्हणते. ती शेवटची बाई तुम्ही व्हायचं नाही. त्यासाठी जागा दारापाशी हवी. पुढच्या दोन-तीन ओळींत, मधल्या वाटेच्या बाजूला. दार उघडलं की पहिल्या पाचांत तुम्ही उतरायचं. खिडकीची जागा मागू नका. बाहेरचा समुद्र वाटेच्या बाजूनेही दिसतो, आणि दर वेळी शेजारणीला उठवायचा संकोच राहत नाही. पुढे बसल्याने गाडीही कमी लागते. बऱ्याच सहलींत रोज जागा बदलण्याची पद्धत असते, आज पुढे बसलेले उद्या मागे. पद्धत चांगली आहे, पण प्रकृतीच्या कारणासाठी सूट मिळते. ती तोंडी नको, नोंदणी करतानाच लिहून घ्या. बसमध्ये शिरल्यावर चाळीस जणांसमोर मागितली तर कुरकुर होते. आधी लिहिलेलं असेल तर व्यवस्थापक नुसतं नाव वाचतो आणि तुम्ही जाऊन बसता.

दुसरी मागणी दिवसनिहाय, तासानिहाय वेळापत्रकाची. रंगीत छायाचित्रांच्या पुस्तिकेत ‘नयनरम्य किनारी मार्गाने प्रवास’ असं असतं. ते आपल्याला नको. किती वाजता निघणार, किती तास रस्त्यावर, पहिला थांबा कुठे, तिथे कमोड आहे की उकिडवं बसायचं. गुडघ्यांसाठी हा शेवटचा प्रश्न मोठा आहे. दोन तासांपेक्षा जास्त वेळ थांबाच नसेल तर तिथल्या तिथे विचारा, मध्ये थांबता येईल का. बसमध्ये शौचालय असेल तर तेही चालू ठेवणार आहात ना, हे विचारा. कितीतरी बसमध्ये ते असतं आणि कुलूपबंद असतं.

दर दोन तासांनी उतरणं फक्त तुमच्यासाठी नाही, हे मनात पक्कं करा. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. चार तासांहून जास्त वेळ एका जागी बसून प्रवास केला, विमान असो, बस असो की आगगाडी, तर पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याची शक्यता सुमारे दुप्पट होते. निरोगी माणसात ती एकूण कमीच असते, सुमारे सहा हजारांत एक, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. पण वय वाढलं की ती वाढते, आणि अशा सहलींत सगळे साठीच्या आसपासचे असतात. चालकालाही थांबा लागतो. युरोपीय संघाच्या नियमात साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तासाची विश्रांती बंधनकारक आहे. तुम्ही जाताय तिथला नियम काहीही असो, हा आकडा मोजपट्टी म्हणून जवळ ठेवा, आणि दिवसाला आठ-नऊ तासांहून जास्त गाडी चालणार असेल तर चालक किती, हे विचारा. चालकाच्या विश्रांतीबद्दल विचारणाऱ्या प्रवाशाला कुठलाही चांगला व्यवस्थापक मनातून मान देतो.

पाण्याचं असं करा. सकाळी निघण्याआधी दीड-दोन तास पेलाभर प्या, निघताना जाऊन या. मग घोट-घोट. प्रत्येक थांब्यावर जाऊन आल्यावर थोडं जास्त. मुक्कामी पोहोचल्यावर दिवसाची भरपाई. चहा-कॉफीने घाई वाढते, तेव्हा ती थांब्यावर नको, मुक्कामाला घ्या. प्रवासाच्या दिवशी पॅड वापरा, एक जोडी कपडे हाताशी असलेल्या पिशवीत ठेवा. त्यांची गरज बहुधा पडणार नाही. पण ते आहेत एवढ्यानेही घाई कमी होते. भीतीचा आणि मूत्राशयाचा फार जवळचा संबंध आहे.

आता ‘माझ्यामुळे चाळीस जणांना थांबावं लागलं तर’ या भीतीकडे येऊ. चाळीस जणांची बस कुणामुळे खोळंबते, हे मी तुम्हाला अनुभवाने सांगू शकते. दुकानात शिरलेल्यांमुळे. फोनवर बोलत दूर गेलेल्यांमुळे. पासपोर्ट खोलीत विसरलेल्यांमुळे. आणि त्या माणसांमुळे, ज्यांना काहीतरी होत होतं पण त्यांनी ते सांगितलं नाही, आणि मग जिथे थांबायची सोय नाही अशा रस्त्यावर बस थांबवावी लागली. जिने पहिल्या दिवशी येऊन सांगितलं, तिचा त्रास व्यवस्थापकाला कधीच होत नाही. तिचा थांबा त्याच्या आखणीत असतो. म्हणून पहिल्याच सकाळी, नाश्त्याच्या वेळी, त्याच्याशी किंवा तिच्याशी दोन वाक्यं बोला: ‘मला दर दोन तासांनी उतरावं लागतं. वेळेवर परत येईन, पण ठरलेला थांबा गाळू नका.’ कारणं द्यायची नाहीत, माफी मागायची नाही. दुपारपर्यंत बघा, आणखी तीन-चार जणी तुमच्यापाशी येऊन हळूच म्हणतील, बरं झालं बोललात. हे मी अंदाजाने लिहीत नाही, पाहिलेलं आहे.

बेटाबद्दल मुलाची शंका मात्र खरी आहे. ती ‘आईची काळजी’ म्हणून बाजूला सारू नका, तिला उत्तर द्या.

बेटावर जाताना बस किनाऱ्यावर राहते. म्हणजे मोठी बॅगही बहुधा बसमध्येच राहते आणि तीन दिवसांपुरती छोटी पिशवी घेऊन बोटीत बसायचं असतं. औषधं त्या छोट्या पिशवीत हवीत, आणि सगळ्या औषधांचा दुसरा संच वेगळ्या पिशवीत. बसच्या पोटातल्या सामानात औषधं कधीच ठेवू नका, तिथे दुपारी प्रचंड उष्णता असते. डॉक्टरांची चिठ्ठी घेताना औषधाचं कंपनीचं नाव नको, मूळ घटकाचं नाव लिहून मागा. परदेशातल्या औषधवाल्याला तेच कळतं.

मग तीन प्रश्न, आयोजकाला लेखी. बोट कुठली, मोठी फेरीबोट की स्पीडबोट? ती बेटावर धक्क्याला लागते की वाळूवर उतरवतात? आणि समुद्र खवळलेला असेल तर काय करता?

पहिला प्रश्न गुडघ्यांसाठी वाटेल, पण तो पाठीसाठी आहे. स्पीडबोट लाटेवरून उडून खाली आपटते, आणि तो दणका पुढच्या टोकाला सर्वांत जोरात बसतो. तिथे बसलेल्या प्रवाशांच्या मणक्यांना दबून तडे गेल्याची प्रकरणं झाली आहेत. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास शाखेनेही अशा घटनांच्या चौकश्या केल्या आहेत. पासष्टीपुढच्या बाईची हाडं ठिसूळ असण्याची शक्यता बरीच असते. बोटीत चढवणारी मुलं वयस्कर माणसांना प्रेमाने म्हणतात, आजी, पुढे बसा, छान दिसतं. तुम्ही मागे जाऊन बसायचं. मान हलवून नकार द्या आणि मागे जा. मोठी फेरीबोट असेल तर हा प्रश्न येत नाही. तिथे मधोमध, खालच्या मजल्यावर, वारा लागेल अशा ठिकाणी बसा आणि क्षितिजाकडे बघा, फोनकडे नाही. मध्यावर बोट सर्वांत कमी हलते.

बोट लागू नये म्हणून सर्रास गोळ्या दिल्या जातात, सहप्रवासी मायेने आपल्याजवळची पुढे करतात. ती घेऊ नका. प्रोमेथाझिनसारख्या गोळीने किंवा कानामागे लावायच्या हायोसिनच्या पट्टीने साठीपुढच्या माणसाला गुंगी येऊ शकते, गोंधळल्यासारखं होऊ शकतं, तोल जाऊ शकतो. काचबिंदू असेल तर आणखी जपावं लागतं. आणि लघवीच्या घाईसाठी डॉक्टरांनी तुम्हाला गोळी सुरू केली तर तिचाही परिणाम बऱ्याचदा याच जातीचा असतो; दोन्ही एकत्र आल्या तर तोंड कोरडं पडून डोकं जड होतं. तेव्हा बोटीसाठी कुठली गोळी, किती आणि किती आधी, हे तुमच्याच डॉक्टरांकडून ठरवून घ्या आणि घरी असताना एकदा घेऊन बघा.

दुसरा प्रश्न, धक्का की वाळू. कितीतरी छोट्या बेटांवर धक्काच नसतो. बोट उथळ पाण्यात थांबते आणि शिडीने उतरून गुडघाभर पाण्यातून चालत जावं लागतं. पाणी किती खोल असेल हे भरती-ओहोटीवर. बहुतेक किनाऱ्यांवर भरतीपासून ओहोटी सव्वासहा तासांवर असते आणि वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा ओहोटीला पाणी फार मागे हटतं आणि निसरड्या खडकांवरून, प्रवाळाच्या तुकड्यांवरून चालत जाण्याची वेळ येऊ शकते. हे सगळं तुम्ही मोजत बसायचं नाही. ‘माझे गुडघे दुखतात, उतरताना मदत करणारा माणूस असेल का, शिडीला किती पायऱ्या आहेत’ एवढं विचारा. मागे पट्टा असलेल्या रबरी चपला घाला, नुसत्या स्लिपर नकोत. आणि जीवरक्षक जाकीट बोट सुटण्याआधी अंगावर, पट्टे आवळून. पोहता येणाऱ्यांनीही.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. ‘आम्ही कसंही पोहोचवतो, आजवर कधी फेरी चुकवली नाही’ असं कुणी अभिमानाने म्हणालं तर मला ती सहल नको वाटेल. जुलै २०१८ मध्ये थायलंडच्या फुकेतजवळ खराब हवामानात पर्यटकांची एक मोठी बोट बुडाली, ४७ माणसं गेली. चांगला आयोजक सांगतो, समुद्र वाईट असेल तर किनाऱ्यावरच्या या हॉटेलात मुक्काम होईल, आणि पैशांचं असं असं होईल. ते छापील अटींत असायला हवं.

आणि महिना बघा. ठिकाण तुम्ही छापू नका म्हणालात म्हणून सगळ्या बाजूंनी लिहिते, म्हणजे बाकीच्या वाचकांनाही उपयोग होईल. थायलंडच्या अंदमान समुद्राकडच्या बाजूला, म्हणजे फुकेत-क्राबीकडे, साधारण मे ते ऑक्टोबर समुद्र खवळलेला असतो. त्याच देशातल्या आखाताकडच्या कोह सामुईला मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरात. मलेशियाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या पेर्हेंतियन बेटांवरची बरीच रिसॉर्ट्स नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंदच असतात. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंडच्या उष्ण किनाऱ्यावर नोव्हेंबर ते मे विषारी जेलीफिशचा काळ, शिवाय चक्रीवादळंही नोव्हेंबर ते एप्रिल. कॅरिबियनात वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. ‘स्वस्तात मिळतेय’ अशा सहलीचा महिना बहुधा यातलाच असतो. तुमची तारीख यात बसत असेल तर या फेरीला जाऊ नका, पुढच्या फेरीला जा.

मुलासाठी आणखी दोन गोष्टी. बेटावर डॉक्टर आहे का, रात्री असतो का, आणि रात्री रुग्णाला किनाऱ्यावर न्यायला बोट मिळते का, हे रिसॉर्टलाच ईमेल करून विचारता येतं. मुलाला विचारू द्या. त्याच्या काळजीला काम मिळेल. दुसरं, प्रवासविमा. त्यात आजारी माणसाला हलवण्याचा खर्च धरलेला हवा, आणि बीपी अर्जात लिहिलेलं हवं. लपवलेल्या आजारावरून दावा नाकारला जाऊ शकतो, म्हणून गुडघ्यांचंही लिहा. मग पॉलिसीची प्रत, तासानिहाय वेळापत्रक, व्यवस्थापकाचा फोन, तुमच्या औषधांची यादी हे सगळं मुलाच्या हातात ठेवा आणि त्याला म्हणा, यात काय कमी आहे ते सांग. ‘काही झालं तर’ या प्रश्नाला उत्तर असतं. ‘जाऊ का’ हे मात्र त्याला विचारू नका. तो नाही म्हणेल, कारण नाही म्हणणं मुलांना सोपं असतं, आणि मग तुमच्या नाराजीचं ओझं त्याच्यावर राहील. मुलीलाही सांगा की पुढच्या वर्षी सगळे मिळून नक्की जाऊ, आणि ही सहल त्याच्या आड येत नाही.

समुद्रात उतरायचं की नाही असं तुम्ही विचारलं नाहीत, पण तुम्ही उतरणार, ते मला पत्रावरून दिसतंच. उतरा. गुडघ्याच्या खालपर्यंत पाण्यात, कुणीतरी बरोबर असताना, आणि समुद्राकडे पाठ न करता. किनाऱ्यावर फुटणारी लाट मागून गुडघ्यांवर आली की तरण्या माणसालाही पाडते. पाण्यात शिरण्याआधी रिसॉर्टच्या माणसांना विचारा, जेलीफिश आहेत का. ज्या किनाऱ्यांवर घातक जेलीफिश असतात तिथे बऱ्याचदा वाळूत खांबावर व्हिनेगरची बाटली ठेवलेली असते. ती दिसली तर त्या दिवशी पाणी लांबूनच बघा. सकाळी नऊच्या आत आणि चारनंतर जा. उष्ण कटिबंधात भर दुपारी अतिनील किरणांचा निर्देशांक अकराच्या वर सहज जातो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीत अकरापासून पुढे सर्वांत धोक्याची पायरी आहे. ढग असले तरी अंग भाजतं. दिवसा चावणाऱ्या डासांसाठी लांब बाह्यांचे कपडे आणि मलम; ते कपडे उन्हालाही उपयोगी.

आता एक गोष्ट, जी तुम्ही पत्रात एका ओळीत उरकली आहे. मिस्टर जाऊन अडीच वर्षं.

बसमधले सहा दिवस भरगच्च असतात. उठा, बॅग लावा, उतरा, बघा, जेवा, झोपा. मनाला रिकामं राहायला जागाच मिळत नाही. बेटावर दुसऱ्या दिवशी कार्यक्रम नसतो. पत्रिकेत ‘मोकळा दिवस’ असं लिहिलेलं असतं, आणि एकट्या आलेल्या बायकांना तो दिवस सर्वांत जड जातो. आजूबाजूला जोडपी, सगळीकडे दोघांच्या खुर्च्या, दोघांची टेबलं. मी अशा दिवशी खोलीत दार लावून बसलेल्या बायका पाहिल्या आहेत, आणि त्यांना वाटायचं की आपण सहलीला येऊन चूक केली. चूक नसते. रडू आलं तर येऊ द्या, पण दिवस आधीच थोडा आखून ठेवा. पहाटे किनाऱ्यावर फेरी, नाश्त्याच्या टेबलावर स्वतःहून कुणापाशी तरी जाऊन ‘बसू का’ विचारणं, दुपारी झोप, संध्याकाळी काचेच्या तळाची बोट असेल तर त्यात बसून पोहता न येताही प्रवाळ बघणं. बसमधल्या सहा दिवसांत ज्या एक-दोघींशी जमेल, त्यांना आदल्या रात्रीच विचारून ठेवा, उद्या सकाळी चालायला येता का. जोडीने आलेल्या बायकांनाही नवऱ्याखेरीज कुणीतरी हवं असतं बोलायला.

खोलीचंही ठरवा. एकट्या प्रवाशाकडून वेगळ्या खोलीचे जास्त पैसे घेतात, नाहीतर अनोळखी बाईबरोबर खोली देतात. परवडत असेल तर तुम्ही वेगळी खोली घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. रात्री तीनदा उठावं लागणाऱ्या माणसाला दुसऱ्याची झोपमोड होईल म्हणून अंधारात चाचपडत जावं लागतं, आणि पडणं तिथेच होतं. पूर्ण नऊ दिवसांचे जास्तीचे पैसे जड वाटले तर निदान बेटावरच्या तीन रात्री वेगळी मिळते का विचारा. खोली तळमजल्यावर आणि जेवणघराच्या जवळ मागा. बेटांवरची रिसॉर्ट्स अनेकदा डोंगरउतारावर असतात आणि ‘समुद्र दिसणारी खोली’ म्हणजे साठ पायऱ्या वर.

पैसे महिनाअखेरीस भरायचे आहेत. त्याआधी थांबे, पुढची जागा, बोट, धक्का, खवळलेला समुद्र, खोली हे सगळं एका ईमेलमध्ये लिहून आयोजकाला पाठवा आणि उत्तराची आठवडाभर वाट बघा. मुद्देसूद उत्तर आलं तर भरा. ‘ताई, काळजी करू नका, सगळं होतं बरोबर’ एवढंच आलं तर दुसरा आयोजक शोधा. किनारा तोच राहील आणि बेटही. डॉक्टरांची वेळ मात्र उद्याच घ्या, व्यायामाचे तीन महिने आजपासून मोजायचे आहेत.